रहाडीतला तो माणूस

दोन हजार पंचवीस साल लागलं तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तू होतास. संक्रांत आली तेव्हा मी एकाहत्तरचाच होतो, तू नव्हतास.

दिगू, मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. चौथीनंतर शाळेशी माझा संबंध एवढाच, की मास्तरांचे गहू माझ्या गिरणीत यायचे. तू असतास तर हे वाचून म्हणाला असतास, "निवृत्त्या, वेलांटी कुठली दिलीस बघ." असू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ज्याला कळायला हवं होतं तो काही आता वाचत नाही.

माणूस गेला की कुठं जन्मला, कुठं नोकरी केली, मागे कोण कोण, असं लिहितात. तुझं ते सगळं तुझ्या पुतण्यानं, संदीपनं, पेपरात दिलं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त, अविवाहित, धार्मिक वृत्तीचे. धार्मिक! एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळते म्हणून उपास धरणारा माणूस तू. मागे पुतणे, सुना, नातवंडं असा परिवार. त्यात मी नसणार हे माहीत होतं. तरी वाचून झाल्यावर मी पेपर उलटून मागच्या पानावर पाहिलं.

दवाखान्यात त्या काउंटरवरच्या पोरीनं विचारलं होतं, "पेशंटचे कोण तुम्ही?" मी म्हटलं, "शेजारी." कोणी सांगायला लावलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं. इतकी वर्षं तेच सांगितलं तर दुसरं काय येणार? तू गेल्यावर संदीप सिन्नरहून आला, सह्या त्यानं केल्या आणि तुला सिन्नरला नेलं. तू पुढे गाडीत, मी मागून सिन्नरच्या काळीपिवळी जीपमध्ये, अनोळखी माणसांत दाबलेला. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोबीची पिशवी होती. ती म्हणाली, "बाबा, नीट बसा, मला टेकू नका." मी टेकलो होतो की काय, मला कळलंच नव्हतं.

संदीप वाईट नाही. तिथं त्यानं माझी ओळख करून दिली, "हे निवृत्तीनाना. काकांचे घरमालक. काकांचं लई केलं यांनी." सगळ्यांनी मला हात जोडले. घरमालक. गिरणीच्या वरच्या खोलीत तू राहायला आलास तेव्हा आपणच गल्लीला सांगितलं होतं, भाडेकरू ठेवलाय म्हणून. शेवटी तीच गोष्ट सिन्नरच्या घाटावर खरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडली. न उघडून कसं चालेल? सुतक असलं की गिरणी बंद ठेवावी लागते, सुतकाच्या घरचं पीठ कोण नेणार? आणि बंद ठेवली तर गल्ली विचारणार, नाना, कोणाचं सुतक? भाऊबंदाचं सुतक असतं, सोयऱ्याचं असतं. भाडेकरूचं घरमालकाला नसतं. तर तुझं सुतक सिन्नरला तुझ्या पुतण्यांनी पाळलं. त्यातला धाकटा तुला शेवटचा कधी भेटला होता देव जाणे. मी इथं बाजरी दळत बसलो. पिठानं भुवया पांढऱ्या होतात माझ्या, त्यामुळं डोळ्यांकडं कोणी बघत नाही. तेवढा त्या धंद्याचा फायदा.

आपलं भांडण राहिलंय ते सांगतो आता. त्याच्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

ते सुरू झालं शर्वरीमुळं. त्या पोरीला मी पहिल्यांदा पाहिलं ते गिरणीच्या दारात. मला वाटलं दळण आणलंय. ती म्हणाली, "दिगंबर काका इथंच राहतात का?" मी म्हटलं, "काय काम आहे?" ती म्हणाली, "गप्पा मारायच्यात." मी म्हटलं, "गप्पांचं दळण आम्ही घेत नाही." आणि तू वरच्या जिन्यातून ओरडलास, "येऊ दे तिला, निवृत्त्या, तुझ्या तोंडाला लागू नकोस म्हणावं."

ती कॉलेजात शिकवायची. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं रविवारी सकाळी लोकांना पायी फिरवायचं काढलं होतं. वॉक म्हणायचे. नाशिकमधली आपली माणसं कुठं भेटायची, कुठं धरली गेली, कुठं लपली, कुठं पहिल्यांदा तोंड वर करून उभी राहिली, ते चालत चालत दाखवायचं. ती 'समलिंगी' म्हणायची. मला तो शब्द कोर्टाच्या कागदासारखा वाटतो. तू 'आपली माणसं' म्हणायचास. तिला जुनं पाहिलेला माणूस पाहिजे होता आणि तू तर वाटच बघत होतास. त्या दिवशी तू चहा तीनदा गरम केलास आणि एकदाही प्यायला नाहीस.

मी म्हटलं होतं, "दाखवणार काय? टॉकीज पाडली, तिथं गाड्या लावतात. बागेला कुंपण घातलं. मुतारीच्या जागी एटीएम आलं. लोकांना काय एटीएम दाखवणार?"

तू म्हणालास, "हो. एटीएम दाखवणार. आणि सांगणार की इथं भिंतीला पाठ लावून आम्ही उभे राहायचो, कोण बघतंय ते बघत."

आणि खरंच दाखवलंस. बसस्टँडपासून सुरू करायचास, मग बाग, मग पाडलेली टॉकीज, मग फोटो स्टुडिओच्या वरची ती खोली. तिथं आपल्यातले काहीजण पहिल्यांदा एकत्र बसले होते, भर मे महिन्यात खिडक्या लावून, घामानं निथळत. मग तो चहावाला. कोर्टाचा निकाल आला, आपण गुन्हेगार राहिलो नाही म्हणाले, त्या दिवशी तू तिथं पेढे वाटले होतेस. तो निकालाचा दिवस मला आठवतो. तू पुडा घेऊन गिरणीत आलास. मी म्हटलं, "मी कधी गुन्हेगार होतो? मी दळण दळतो." तू ऐकलं नाहीस. दळणाला आलेल्या बायकांच्या हातावर पेढा ठेवत सुटलास. "कशाचे हो दिगूभाऊ?" "केस जिंकलो." "कुठली केस?" तू माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. तू म्हणालास, "जागेची." त्या सगळ्यांना आनंद झाला. एक म्हणाली, "बाई, जागेच्या केशी लई वाईट. सुटलात."

वॉकला माझी अट होती. माझं नाव नाही घ्यायचं, गिरणी नाही, गल्ली नाही. तू म्हणालास, "भितोस." मी म्हटलं, "भीत नाही. बाबू शिंपी आठव." बाबूला त्या बागेत धरलं, चौकीत नेलं, वरात काढली तशी रस्त्यानं चालवत आणलं. दुसऱ्या दिवसापासून एका बाईनं त्याच्याकडं ब्लाऊज टाकला नाही. सुरतेला गेला, परत आला नाही. माझ्याकडं बाया दळण आणतात दिगू. घरात कोण उपाशी आहे, कोणाच्या डब्यात गव्हात किती ज्वारी मिसळलीय, ते मला माहीत असतं, आणि ते मी कोणाला सांगत नाही म्हणून त्या येतात. त्यांनी डबा उचलून दुसऱ्या गिरणीचा रस्ता धरला असता तर तुझ्या वॉकवाल्यांनी काय केलं असतं? टाळ्या वाजवल्या असत्या. अट बरोबर होती. आजही म्हणतो, बरोबर होती.

आणि अटीतूनच सगळं झालं.

वॉक आपल्या चौकातल्या रहाडीपाशी संपायचा. बाहेरून आलेल्यांना तू समजावून सांगायचास की पेशव्यांच्या वेळेपासून इथं रस्त्याखाली दगडी हौद आहे, वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात, आणि रंगपंचमीला तो उघडतात, रंगाचं पाणी भरतात, आणि माणसं वरून उड्या मारतात. धप्पा म्हणतात त्याला. पुण्यामुंबईची पोरं पायाखाली बघायची आणि एक पाऊल मागं सरकायची. मग तू सांगायचास. "एका साली मी धप्पा मारला, रंग डोळ्यांत गेला, काही दिसेना, आणि पाण्याखाली एका माणसानं माझा हात धरला. सोडला नाही. वर सगळा चौक बघत होता आणि कोणाला काही दिसलं नाही. बाहेर आलो तेव्हा सगळ्यांचेच हात केशरी, त्यात आमचे दोन कोण ओळखणार?"

हे तू चांगलं सांगायचास, मान्य. एक गोष्ट मात्र चूक सांगायचास. हात मी नाही धरला. तू धरलास. मी बुडतोय असं तुला वाटलं होतं. गोदावरीत पोहून मोठा झालेला माणूस मी, हौदात बुडतोय! पण असो, ते भांडण जुनं आहे, आणि त्यात तू कधी ऐकलं नाहीस.

एकदाच मी आलो होतो वॉकला. तू किती वेळा म्हणालास, "नुसता ये, गर्दीत उभा राहा, परक्यासारखा." आलो. टोपी घालून, मागे, कोण हा म्हातारा असं वाटेल तसा. रहाडीपाशी तू सगळं सांगितलंस. 'एक माणूस' म्हणालास. मी ऐकत होतो आणि मला ते ऐकायला, आता सांगायला हरकत नाही, बरं वाटत होतं. मग चष्मा घातलेल्या एका पोरानं विचारलं, "काका, मग ते आता कुठं असतात?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मी मान हलवली, सांगू नको म्हणून. तू म्हणालास, "तो वारला."

सगळी मंडळी हळहळली. एका मुलीनं डोळे पुसले. चष्मेवाल्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि तू, हरामखोरा, तू पण रुमाल काढलास!

घरी आल्यावर मी गिरणी सुरू केली. दळायला काही नव्हतं. वरून दाणा नसताना गिरणी चालवली की दगड जळतात, मी कोणाला तसं कधी करू दिलं नाही. पण आपलं खरं बोलणं सगळं त्या घरघरीतच व्हायचं, दुसरीकडं कुठं? भिंती पातळ, गल्ली अरुंद. मोटर चालू केली की तू माझ्या कानाशी तोंड आणायचास आणि आपण नवराबायको भांडतात तसे भांडायचो. बाहेर नुसती गिरणी ऐकू जायची.

"मला मारलंस तू! माणसांसमोर!"

"मग काय सांगायचं होतं? नाव घ्यायचं नाही, गल्ली सांगायची नाही. जिवंत आहे म्हटलं असतं तर विचारलं असतं, भेटवा!"

"सुरतेला गेला सांगायचं!"

"नाही सांगणार!"

"का?"

"सोडून गेला असं माझ्या तोंडून निघत नाही तुझ्याबद्दल. खोटंसुद्धा निघत नाही. मेला म्हणणं सोपं आहे."

उत्तर सुचलं नाही की माणूस आवाज वाढवतो. मी जोरात ओरडलो, "अरे पण मी जिवंत आहे!" आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. गिरणी बंद. सगळ्या गल्लीनं ऐकलं. दारात कमलताई डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "देव करो आणि जिवंतच राहा हो नाना. पण आधी माझं दळण द्या, घरी पाव्हणे बसलेत."

तू जिन्यात बसून हसलास. पोट धरून. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही, आणि तू रोज सकाळी वरून हाक मारायचास, "कैलासवासी, चहा घेणार का?" घ्यायचो. बोलत नव्हतो, पण चहा घ्यायचो.

तसं ते राहिलं. पुढच्या वॉकला दुरुस्त करतो असं तू कधी म्हणाला नाहीस आणि कर असं मी पुन्हा म्हटलं नाही. तू मला दर महिन्याच्या एका रविवारी मारत राहिलास आणि दुपारी माझ्याबरोबर जेवायला बसत राहिलास. वांग्याचं भरीत असलं की म्हणायचास, "मेलेल्या माणसाच्या हाताला काय चव आहे!"

मग ते लग्नाचं आलं. वर दिल्लीत केस चालली होती आणि तू रोज त्या मोबाईलला कान लावून. मी चिडवायचो, "या वयात बाशिंग बांधायचंय का तुला? कवळी लावून मंगलाष्टकं म्हणशील?" तू म्हणायचास, "बांधायचं नाही रे. पण बांधता येईल की नाही ते तरी कळू दे." निकाल नाही म्हणून आला. तू मोबाईल खाली ठेवलास आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलास. मी गिरणी सुरू करून कानाशी काही तरी बोलणार होतो. काय बोलणार होतो तेही आता आठवत नाही. तू म्हणालास, "राहू दे. दगड जळतील."

त्यानंतर तू वॉकला गेलास, पण तुझं मन गेलं नाही. माणसंही कमी झाली. कधी परीक्षा, कधी ऊन, कधी घरी कळलं म्हणून कोणाचा फोन बंद. चौकातल्या मंडळाच्या लोकांनी शर्वरीला सांगितलं, "मॅडम, रहाड देवाची आहे. तिची पूजा होते. इथं असलं काही सांगायचं नाही." भांडली ती. तू तिला मागं ओढलंस. मग तुम्ही रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बोटानं दाखवायचात. ज्या चौकात तू वयाच्या पंचविशीत उडी मारलीस, त्याच्यात तुला पाय ठेवून बोलता येईना. घरी येऊन तू एवढंच म्हणालास, "पलीकडून नीट दिसत नाही रे." मी गोणी उचलत होतो. ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतरचं आजारपण मी लिहीत नाही. त्यात काही शिकण्यासारखं नव्हतं.

तू गेल्यावर शर्वरी एकदा आली. बसली. म्हणाली, "नाना, रविवारी काकांच्या आठवणीसाठी चालणार आहोत आम्ही. शेवटचं. पुढं नाही होणार." मी विचारलं, का. दोघींचं घरी कळलं होतं. मैत्रिणीला तिच्या घरच्यांनी धुळ्याला नेऊन ठेवलं, फोन काढून घेतला. हिनं बंगळूरला नोकरी बघितली होती. "कायद्यानं आता कोणी काही करू शकत नाही ना?" मी म्हटलं. ती हसली. अशी हसली की मी तो प्रश्न परत घेतला असता.

गेलो मी रविवारी. शेवटच्या रांगेत, टोपी घालून. रांग म्हणायला माणसं तरी कुठं होती, मूठभर. तुझा तो चष्मेवाला आला होता पुण्याहून. शर्वरीनं सगळं तुझ्याच शब्दांत सांगितलं, एटीएमपाशी, बागेपाशी. टॉकीजपाशी तुझी नक्कल केली, सगळे हसले. मीही हसलो. चहावाल्यानं विचारलं, "ते बुवा नाही आले आज?" मग तोच समजला आणि गॅस बारीक केला.

मग चौकात, पलीकडच्या बाजूला, बंद दुकानाच्या पायरीशी थांबलो. शर्वरीनं रहाडीचं सांगितलं, आणि मग म्हणाली, "काका सांगायचे, तो माणूस वारला. काकांनी त्यानंतर कोणाचा हात धरला नाही. जन्मभर एकटे राहिले. आता दोघंही नाहीत. आपण दोघांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी टोपी काढली. सवयीनं काढली, मयताला काढतात तशी. आणि टोपी हातात आल्यावर लक्षात आलं, की हे माझ्यासाठीही चाललंय.

मी आयुष्यात कोणाचं ऐकून गप्प बसलेलो नाही, तुला माहीत आहे. वॉर्डाच्या नगरसेवकाला दळणाच्या रांगेत उभं केलेला माणूस मी. पण स्वतःच्या शोकसभेत माणसानं बोलावं का, याची काही रीत मला ठाऊक नव्हती. उभा राहिलो. रिक्षा रहाडीवरून गेल्या. एकजण रिक्षातून बाहेर थुंकला. चष्मेवाल्याच्या गालावरून पाणी गेलं, ते माझ्यासाठी होतं की तुझ्यासाठी ते मला कळलं नाही.

मरणाचं मला काही नाही वाटलं दिगू. त्याची सवय तूच लावली होतीस. लागलं ते दुसरंच. जन्मभर एकटे राहिले. मग तुझी पाठ कोणी चोळली? साखर, बीपी वाढल्यावर बिनमिठाचं, बिनगोडाचं तुझ्याबरोबर कोण जेवत बसलं, स्वतःला काही झालेलं नसताना? रात्रपाळीहून ओझरची बस यायची तेव्हा कोण जागं असायचं? तू मला मारलंस ते माझ्या शब्दाखातर. तुझ्या मरणानंतर त्या पोरांनी, इतक्या प्रेमानं, तुलाच एकटं करून टाकलं. आणि हे आता शेवटचं होतं. याच्यापुढं सांगणारं कोणी नाही. तू एकटा होतास हेच राहणार होतं.

दोन मिनिटं झाली. माणसं हलली. कोणी मोबाईल काढले, कोणी किक मारली. मंडळाचा एकजण पलीकडून बघत उभा होता. शर्वरी माझ्यापाशी आली, पाया पडायला वाकली. मी तिला धरलं.

म्हटलं, "पोरी, तो एकटा नव्हता."

"हो ना नाना. तुम्ही होतात की शेजारी."

"शेजारी नाही. रहाडीतला तो माणूस मी."

मग तिनं वळून पाहिलं. चष्मेवाला कोपऱ्यावर वळत होता, बाकीचे गेले होते. ती म्हणाली, "आत्ता सांगताय नाना?"

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी मला बोलता येतं.

"आत्ताच सांगणार. तो होता तोवर अट होती."

"पण आता मी कोणाला सांगू?" ती म्हणाली. "सगळे गेले. मी पण चालले."

ती रडली थोडी, माझी बाही धरून. मग तिची रिक्षा आली. रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "नाना, काकांनी तुम्हाला मारलं होतं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" मी म्हटलं, "लई भांडलो." ती हसली आणि गेली. एकाच माणसाला माहीत झालेली तेवढी गोष्ट बंगळूरला गेली. तिथं तिचा काय उपयोग आहे?

घरी येऊन मी गिरणी सुरू केली नाही. वरच्या खोलीत जाऊन बसलो. संदीप तुझं सामान नेईल पुढच्या आठवड्यात, मी हो म्हटलंय. नाही म्हणायला मी कोण? तुझा चष्मा, तुझे पायमोजे, तुझा तो विमानाच्या पत्र्याचा अॅश-ट्रे, सिगारेट सोडून वीस वर्षं झाली तरी टाकला नाहीस. सगळं पुतण्याचं. मला कायदा कळत नाही, पण एवढं कळतं की तुझ्या मागे या घरात तुझं असं जे आहे ते सगळं नेता येण्यासारखं आहे, आणि जे नेता येणार नाही ते कोणाच्या लेखी नाहीच.

तुला काही सांगायचं राहिलं का, म्हणून मी बसून विचार केला. प्रेमाबिमाचं नाही. ते तुझ्या त्या पोरापोरींचं, आपल्याला जमलं नाही आणि लागलंही नाही. एकच सांगायचं होतं. हात तूच धरलास. पण मी बुडत नव्हतो, तरी सोडवून घेतला नाही. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तू चौकात उभा राहून पोरांना सांगितलं असतंस, आणि मला परत अट घालावी लागली असती.

सकाळी गिरणी उघडली नाही. कमलताईनं दारात डबा ठेवलेला दिसला, तो आत घेतला नाही. घाटावर गेलो. सोमवार होता, सगळी सलून बंद. पण गोदेच्या घाटावरचे न्हावी सोमवार पाळत नाहीत, मरणाला वार नसतो. एका झाडाखाली एकजण वस्तरा पुसत बसला होता. मी त्याच्यासमोर पाटावर बसलो आणि टोपी काढली.

त्यानं डोक्यावर पाणी मारलं. म्हणाला, "कोण गेलं, बाबा?"

"दिगंबर."

"नाव नाही, नातं विचारतोय. मिशी ठेवायची का काढायची ते त्याच्यावर असतं."

"दिगंबर म्हटलं ना," मी म्हणालो. "काढ."

त्यानं काढली.